बडोद्यातील वर्गांत डिजिटल साधनांनी इंग्रजी शिकवताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बडोद्यातील मराठी कुटुंबांतील मुलांना इंग्रजी शिकवणारे आम्ही काही शिक्षक महिन्यातून एकदा दांडिया बाजारात एका सहकाऱ्याच्या घरी जमतो. तेथे येणाऱ्या शिक्षकांनी आणि पालकांनी पुन्हा पुन्हा विचारलेले प्रश्न येथे एकत्र केले आहेत. उत्तरे वर्गातील अनुभवावर बेतलेली आहेत. काही ठिकाणी ती आमची मते आहेत आणि ती तशीच वाचावीत.

डिजिटल साधने म्हणजे नेमके काय धरायचे?

शिक्षकाचा फोन, प्रोजेक्टर, स्पर्शाने चालणारा फळा, स्पीकर, मुद्रित (रेकॉर्ड केलेला) आवाज आणि चित्रफिती, पाठ्यपुस्तकातील क्यूआर कोडवरून उघडणारे २०१७ साली सुरू झालेल्या ‘दीक्षा’ मंचावरील साहित्य, आणि नाना तऱ्हेची ॲप ही सगळी यात मोडतात. गुजरात सरकारच्या ज्ञानकुंज प्रकल्पामुळे अनेक सरकारी शाळांत प्रोजेक्टर आणि परस्परसंवादी फळे पोहोचले आहेत, त्यामुळे ‘साधन नाही’ ही तक्रार पूर्वीइतकी ऐकू येत नाही. सर्वांत उपयोगी साधन कोणते, असे विचारल्यास आमचे उत्तर ऐकून पुष्कळांची निराशा होते : आवाज मुद्रित करणारा साधा फोन आणि शेवटच्या बाकापर्यंत स्वच्छ ऐकू जाईल असा स्पीकर. इंग्रजी ही आमच्या मुलांसाठी प्रथम कानाने आणि तोंडाने शिकण्याची भाषा आहे. डोळ्यांची सोय पाठ्यपुस्तकाने बरीचशी केलेलीच असते.

बडोद्याला ही कल्पना नवी वाटण्याचे कारण नाही. महाराज सयाजीराव गायकवाड यांनी १९१० मध्ये विल्यम बॉर्डन या अमेरिकी ग्रंथपालाला बोलावून ग्रंथालयांचे जे खाते उभारले, त्यात दृश्य शिक्षणाची एक शाखा होती आणि ती गावोगाव काचेच्या चित्रपट्ट्या व सिनेमा दाखवीत असे. पडद्याचा उपयोग शिक्षणासाठी करावा की नाही हा वाद या शहरापुरता शंभर वर्षांपूर्वीच मिटला आहे. प्रश्न उरतो तो पडदा बंद कधी करायचा याचा.

बडोद्यातील मराठी मुलाची अडचण पुण्यातील मुलापेक्षा वेगळी असते का?

काही बाबतींत नक्कीच असते. घरी मराठी, गल्लीत आणि दुकानात गुजराती, दूरचित्रवाणीवर हिंदी आणि शाळेत इंग्रजी, अशा चार भाषा या मुलाच्या कानावर पडत असतात. पहिली ते आठवी गुजराती विषय सक्तीचा करणारा कायदाही २०२३ मध्ये झाला आहे. पालक याला ओझे म्हणतात. आम्हाला तसे वाटत नाही, कारण चार भाषा ऐकून मोठ्या झालेल्या मुलाचा कान तयार असतो आणि एका वस्तूला चार नावे असू शकतात हे त्याला समजावून सांगावे लागत नाही. खरी अडचण लिपीची आणि वाक्याच्या घडणीची आहे.

देवनागरी असो वा गुजराती, अक्षराचे नाव तोच त्याचा आवाज. रोमन लिपीत तसे नाही. ज्या अक्षराला आपण ‘सी’ म्हणतो ते ‘कॅट’मध्ये क होते आणि ‘सिटी’मध्ये स. ज्याला ‘ए’ म्हणतो ते ‘ॲपल’मध्ये ए नसून ॲ असते. म्हणून अक्षरांची नावे गाण्यात घोळवून घेणारी ॲप मुले आवडीने पाहतात, पण वाचायला लागत नाहीत. अक्षराचे नाव मागे ठेवून आधी त्याचा आवाज ऐकवणारे साहित्य निवडावे. एक गोष्ट मात्र मराठी मुलाच्या पथ्यावर पडते. ‘जाड’ आणि ‘जेवण’, ‘चमचा’ आणि ‘चहा’ यांत एकाच अक्षराचे दोन उच्चार तो रोज करत असतो; फक्त ते त्याच्या लक्षात आलेले नसते. हे दोन शब्द मुलाकडून म्हणवून घेऊन, मुद्रित करून त्यालाच ऐकवले की ‘सी’चे दोन आवाज त्याला अन्याय वाटत नाहीत. हा प्रयोग आम्ही पाचवीत अनेकदा केला आहे, आणि मराठीच्या तासाला मिळाले नसेल इतके कुतूहल इंग्रजीच्या तासाला मराठीविषयी निर्माण झालेले पाहिले आहे.

वाक्याच्या घडणीविषयी : मराठीत क्रियापद शेवटी येते आणि ‘वर’, ‘खाली’, ‘मध्ये’ हे शब्द नामाच्या पाठीमागे चिकटतात, इंग्रजीत दोन्ही उलट. शिवाय ‘मला भूक लागली’, ‘मला ताप आला’, ‘मला गाणे आवडते’ या वाक्यांत ‘मी’ नसतोच, त्यामुळे इंग्रजी वाक्याची सुरुवात ‘आय’ने करायची हे मुलाला सुचत नाही. येथे प्रोजेक्टर खरोखर कामाला येतो. वर मराठी वाक्य, खाली इंग्रजी वाक्य आणि एकमेकांशी जुळणारे तुकडे एकाच रंगात, अशी एक स्लाइड करावी आणि मुलांनी फळ्यापाशी येऊन तुकडे स्वतः सरकवावेत. ‘टेबलावर’ या एका शब्दाचे तीन तुकडे होऊन ‘ऑन द टेबल’ कसे तयार होते, हे खडूने दाखवता येते, पण सरकवून पाहिलेले अधिक टिकते. उलट काही जागी इंग्रजी सोपी आहे, आणि तेही मुलांना आवर्जून दाखवावे : ‘आंबा खाल्ला, पोळी खाल्ली, आंबे खाल्ले’ एवढ्या सगळ्याला इंग्रजीत एकच ‘एट’ पुरते.

उच्चार सुधारण्यासाठी कोणते साधन वापरावे?

आधी कोणते आवाज अडतात हे ठरवावे. ‘शिप’ आणि ‘शीप’, ‘फिल’ आणि ‘फील’ या जोड्या गुजराती आणि मराठी दोन्ही मुलांना अडतात. ह्रस्व-दीर्घ आपण लिहितो खरे, पण बोलताना फारसे पाळत नाही. मराठी शुद्धलेखनातील निम्म्या चुका त्यातूनच होतात, असे कोणताही मराठीचा शिक्षक सांगेल. इंग्रजीत तर हा फरक नुसत्या लांबीचाही नसतो, जिभेची ठेवणही बदलते. ‘मेन’ आणि ‘मॅन’ मात्र आपल्या मुलांना लवकर जमते, कारण ॲ आणि ऑ ही चिन्हे मराठीत रुळलेली आहेत. ‘वेस्ट’ हा शब्द लिहून पाहावा : अंगात घालायचे बिनबाह्यांचे वस्त्र आणि पश्चिम दिशा, देवनागरीत दोन्ही सारखेच. इंग्रजीत एकाला खालच्या ओठावर वरचे दात टेकतात आणि दुसऱ्याला दोन्ही ओठ गोल होतात. येथे आवाज पुरत नाही. बोलणाऱ्याचे तोंड जवळून दाखवणारी दहा सेकंदांची चित्रफीत लागते, आणि ती शिक्षकाने स्वतःच्या फोनवर स्वतःचीच काढली तरी चालते.

आघातासाठी ऑडॅसिटीसारखी मोफत प्रणाली उत्तम आहे, कारण तीत आवाजाची लहर डोळ्यांना दिसते. ‘रेकॉर्ड’ हा शब्द नाम असताना जोर पहिल्या भागावर येतो आणि क्रियापद असताना दुसऱ्यावर. मुलाने दोन्ही म्हणावेत, लहरीत फुगवटा कोठे आला ते पाहावे आणि शब्दकोशाच्या ॲपमधील उच्चाराशी ताडून पाहावे. मराठीत अशा आघाताने अर्थ बदलत नाही, म्हणून मुले त्याकडे कान देत नाहीत. डोळ्यांनी पाहिल्यावर देतात. ऐकण्याचा क्रम पाळावा : शब्द तीनदा ऐकवल्यावाचून त्याचे स्पेलिंग पडद्यावर आणू नये. स्पेलिंग दिसले की कान मिटतात.

एका तासिकेत चित्रफीत किती वेळ दाखवावी?

तीन मिनिटे. आमचा आग्रह येथे इतका कडक असण्यामागे साधा हिशेब आहे. तासिका ३५ मिनिटांची आणि मुले ४५ धरली, तर २१०० सेकंद ४५ जणांत वाटल्यावर शिक्षक एक शब्दही न बोलला तरी प्रत्येक मुलाच्या वाट्याला ४६ सेकंद येतात. वीस मिनिटांची चित्रफीत लावली की उरलेल्या पंधरा मिनिटांत हा वाटा २० सेकंदांवर येतो. उलट तीन मिनिटांचा संवाद ऐकवून मुलांच्या जोड्या केल्या आणि पाच मिनिटे त्यांनी आपसांत तो बोलला, तर प्रत्येकाला अडीच मिनिटे, म्हणजे १५० सेकंद बोलायला मिळतात. त्यासाठी ॲप लागत नाही. वर्गात गोंगाट होतो हे खरे आहे. तो होऊ द्यावा, आणि शेजारच्या वर्गाच्या शिक्षकांना आधी सांगून ठेवावे.

मी स्वतः हा धडा उशिरा शिकलो. शाळेत परस्परसंवादी फळा आला त्या आठवड्यात मी सहावीला २५ मिनिटांची एक सुंदर इंग्रजी कार्टून फीत दाखवली. वर्ग इतका शांत होता की वाटेने जाणाऱ्या मुख्याध्यापकांनी थांबून कौतुक केले. दुसऱ्या दिवशी मुलांना तिचे संगीत गुणगुणता येत होते. त्यातले एक वाक्य मात्र कोणालाही सांगता आले नाही.

बोललेले तपासून गुण देणारी ॲप विश्वासार्ह आहेत का?

मर्यादेत. यंत्राला मोठ्यांचा आवाज जितका कळतो तितका लहान मुलांचा कळत नाही, कारण त्यांची पट्टी उंच असते. आणि वर गरगरणारा पंखा व उघडी खिडकी असेल तर आणखी घोटाळा होतो. दुसरे असे की बोललेले शब्द टंकित करणारी यंत्रणा संदर्भावरून अंदाज बांधते. मुलाने ‘शिप’ आणि ‘शीप’ यांची खिचडी केली तरी वाक्याच्या ओघावरून यंत्र योग्य शब्द टंकते आणि मुलाला वाटते की आपण बरोबर बोललो. यावर उपाय म्हणजे दोन्ही शब्द बसतील असे वाक्य देणे. ‘दॅट इज अ बिग शिप’ या वाक्यात जहाजही बसते आणि मेंढीही. मग यंत्राला मुलाचा उच्चारच ऐकावा लागतो. फोनच्या कीबोर्डवर भारतीय इंग्रजी निवडण्याची सोय असते, ती आधी निवडून घ्यावी.

एका शाळेत तीस टॅब्लेटवर असे एक ॲप एकाच खोलीत, एकाच वेळी वापरले जाताना मी पाहिले आहे. प्रत्येक यंत्र शेजारच्या बाकावरचा आवाजही ऐकत होते. दोन दिवसांत मुलांनी शोध लावला की चांगले वाचणाऱ्या मुलीच्या शेजारी गप्प बसले की आपल्यालाही तारे मिळतात. तक्त्यावर वर्गाची प्रगती उत्कृष्ट दिसत होती.

वर्गात फोन एकच आहे, तोही शिक्षकाचा. काय करता येईल?

पुष्कळ. प्लिकर्स या पद्धतीत मुलांच्या हाती छापील कार्ड असते; ते कोणत्या बाजूने उभे धरले यावरून उत्तर ठरते आणि शिक्षक फोनच्या कॅमेऱ्याने सगळा वर्ग एकदम टिपतो. मुलांना यंत्र लागत नाही आणि शेजाऱ्याचे उत्तर पाहून आपले बदलणेही अवघड होते. याशिवाय फोन फिरता ठेवावा : रोज दोन जोड्यांनी व्हरांड्यात जाऊन एक मिनिटाचा संवाद मुद्रित करायचा. ४५ मुलांच्या वर्गात साधारण अकरा-बारा दिवसांत सगळ्यांची पाळी येते. फोन ‘फ्लाइट मोड’वर ठेवावा, नाहीतर मध्येच शिक्षकाच्या घरचे कोणी भाजी काय आणायची ते विचारते आणि तेही मुद्रित होते.

इंटरनेट नसेल किंवा वीज गेली तर?

साहित्य आदल्या दिवशी उतरवून ठेवावे आणि व्हीएलसी या आवाज-चित्रफिती चालवणाऱ्या प्रणालीवर चालवावे; तीत वेग कमी करण्याचीही सोय आहे. वेग पाऊणपट करावा, त्याहून फार उतरवल्यास आवाज रडका होतो. स्टोरीवीव्हर या २०१५ पासून चालणाऱ्या मंचावर मुक्त परवान्याच्या गोष्टी आहेत, त्या उतरवून छापताही येतात, आणि अनेक गोष्टी मराठी, गुजराती व इंग्रजी अशा तिन्ही भाषांत सापडतात. वीज गेल्यावर काय करायचे हे ठरलेले नसेल, तर तो पाठ साधनावर उभा होता, भाषेवर नव्हे.

इंग्रजीच्या तासाला मराठी बोलावी का?

बोलावी, पण मोजून. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० शक्य तेथे किमान पाचवीपर्यंत आणि शक्यतो आठवीपर्यंत मातृभाषेतून शिकवण्याचा पुरस्कार करते. शब्दाचा अर्थ, खेळाचा नियम आणि चूक का झाली याचे कारण मराठीत दहा सेकंदांत सांगता येते. तेच इंग्रजीत हातवारे करत सांगायला चार मिनिटे जातात. वर्गात गुजराती आणि मराठी अशी दोन्ही मुले असतील तर पडद्यावर अर्थ दोन्ही लिप्यांत द्यावा. रोजच्या सूचना मात्र, उदाहरणार्थ बसा, उठा, वही काढा, पुन्हा म्हणा, इंग्रजीतच द्याव्यात, कारण त्या रोज येतात आणि न शिकवता मुखोद्गत होतात.

उच्चार ब्रिटिश शिकवावा की अमेरिकी?

सुरतच्या ग्राहकाला, चेन्नईच्या अधिकाऱ्याला आणि लंडनच्या आतेभावाला कळेल असा. मुलांना ब्रिटिश, अमेरिकी आणि भारतीय अशा तिन्ही तऱ्हा ऐकवाव्यात आणि बोलताना स्वच्छ भारतीय इंग्रजी बोलू द्यावे.

शिक्षकाचेच इंग्रजी कच्चे असेल तर यंत्राला शिकवू द्यावे का?

हा प्रश्न सहसा सगळे गेल्यावर, दाराशी उभे राहून, हलक्या आवाजात विचारला जातो. त्याचे उत्तर मोठ्याने द्यायला हवे : यंत्राला नमुना देऊ द्यावा आणि शिकवावे शिक्षकानेच. शंका असलेल्या शब्दाचा उच्चार वर्गासमोर शब्दकोशाच्या ॲपमध्ये ऐकावा आणि मुलांबरोबर स्वतःही म्हणावा. शिक्षक स्वतः शब्द शोधतो, चुकतो आणि दुरुस्त करतो हे मुलांनी पाहिले की त्यांची चुकण्याची भीती कमी होते. ज्या वर्गात शिक्षक पडद्यामागे जातो त्या वर्गात मुलेही बाकामागे जातात. आदल्या रात्री उद्याचा संवाद फोनवर स्वतः मुद्रित करून एकदा ऐकावा. आम्ही सगळे हे करतो, पंचवीस वर्षे शिकवणारेही.

मुले निबंध चॅटजीपीटीकडून लिहून आणतात. बंदी घालावी का?

बंदी पाळली जाणार नाही. शिवाय तेरा वर्षांखालील मुलांसाठी ही सेवा नाही हे तिच्या अटींतच आहे, म्हणजे प्राथमिक वर्गातील मूल ती वापरत असेल तर फोन घरातील मोठ्यांचा असतो आणि बोलणे त्यांच्याशीच करावे लागते. निबंधाचा प्रश्न बदलणे हा खरा उपाय आहे. ‘माझा आवडता सण’ हा विषय दिला तर यंत्र नक्कीच लिहून देईल, आणि पूर्वीही ते काम मार्गदर्शिका करतच होती. ‘काल तुमच्या आजीने केलेल्या कोणत्याही एका पदार्थाची कृती वर्गात उभे राहून इंग्रजीत सांगा’ असे म्हटले, तर तयारीसाठी यंत्राची मदत घेतली तरी बोलावे मुलालाच लागते, आणि पुरणपोळीला इंग्रजीत काय म्हणायचे यावर जी चर्चा होते तीच त्या दिवसाचा खरा पाठ असते. शिक्षकाने मात्र ही साधने जरूर वापरावीत : एकच उतारा सोप्या, मध्यम आणि अवघड इंग्रजीत करून घेण्यासाठी ती उत्तम आहेत. करून घेतलेले वाचल्याशिवाय वर्गात नेऊ नये, कारण चूकही ती तितक्याच आत्मविश्वासाने लिहितात.

पैसे देऊन ॲप घ्यावे का?

युनेस्कोच्या २०२३ च्या जागतिक शिक्षण अहवालाचा विषय शिक्षणातील तंत्रज्ञान हाच होता, आणि अशा साधनांच्या उपयुक्ततेचा निःपक्ष पुरावा तोकडा आहे, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. म्हणून विक्रेत्याच्या तक्त्यावर विसंबू नये. एका वर्गासाठी एक सत्र मोफत आवृत्ती वापरावी आणि सुरुवातीला व शेवटी प्रत्येक मुलाचे एक मिनिटाचे बोलणे मुद्रित करून दोन्ही ऐकावे. फरक कानाला कळला नाही तर ते पैसे ग्रंथालयातील गोष्टींच्या पुस्तकांना द्यावेत.

मुलांचे आवाज आणि चित्रफिती साठवणे कायद्यात बसते का?

२०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यानुसार अठरा वर्षांखालील व्यक्ती ही बालक धरली जाते आणि तिची माहिती वापरण्यासाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती अपेक्षित आहे. वर्षाच्या आरंभी पालकांकडून लेखी संमती घ्यावी; ती मराठी किंवा गुजरातीत, त्यांना वाचता येईल अशी असावी. मुद्रणे वर्गाच्या व्हॉट्सॲप समूहावर टाकू नयेत. एका मुलाचा अडखळलेला उच्चार चाळीस घरांत ऐकला गेला, तर ते मूल पुढे वर्षभर तोंड उघडत नाही, आणि यात कायद्यापेक्षा मोठे नुकसान आहे.

घरी मुलाला इंग्रजी ॲपवर किती वेळ बसू द्यावे?

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी पडद्यासमोर बसण्याची मर्यादा दिवसाला एक तास, आणि त्याहून कमी असेल तर बरेच, अशी सांगितली आहे. शाळकरी मुलासाठी आम्ही पंधरा मिनिटे सुचवतो, आणि त्यानंतर पाच मिनिटे मुलाने आजी-आजोबांना काय ऐकले ते मराठीत सांगावे. इंग्रजी न येणारे आजोबा या कामाला सर्वांत चांगले, कारण ते खरोखर विचारतात.

परीक्षा लेखीच असते. मग बोलण्यावर इतका वेळ का घालवावा?

बोललेले वाक्य लिहिता येते, हे एक. दुसरे म्हणजे लेखी तयारीलाही साधने हातभार लावतात : गूगल फॉर्मवर घेतलेल्या छोट्या चाचणीत कोणता प्रश्न किती जणांचा चुकला ते लगेच दिसते आणि दुसऱ्या दिवशी तेवढेच शिकवता येते.

सुटीत मुलांकडून काय करून घ्यावे?

आम्ही मुलांना सयाजी बागेतील, म्हणजे आपल्या कमाटी बागेतील संग्रहालयात पाठवतो. १८९४ च्या त्या इमारतीत निळ्या देवमाशाचा सांगाडा आहे आणि इजिप्तची ममीही आहे. प्रत्येक जोडीने एक वस्तू निवडायची, तिच्यासमोर उभे राहून पाच प्रश्न मराठीत लिहायचे, घरी येऊन त्यांची उत्तरे सोप्या इंग्रजीत तयार करायची आणि साठ सेकंदांचे निवेदन पालकांच्या फोनवर मुद्रित करायचे. कागदावर पाहून वाचलेले निवेदन लगेच ओळखू येते. ते परत करावे. फाइलला मुलाचे नाव न देता हजेरी क्रमांक आणि तारीख द्यावी, म्हणजे जूनमध्ये शाळा उघडल्यावर ती सापडतेही आणि चुकून इतरत्र गेली तरी कोणाची ते कळत नाही. देवमासा मात्र एका वर्गात तीनपेक्षा जास्त जोड्यांना देऊ नये. सगळे तोच मागतात.